टिकटॉकवरील बंदी आणि खाजगीपणाचा प्रश्न : एक चिकित्सा

२९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह चीनशी संबंधित ५९ ॲपवर बंदी घातली. वापरकर्त्यांची माहिती विनापरवाना देशाबाहेर जात असल्याच्या तक्रारींचा शासकीय निवेदनात उल्लेख होता. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याने तेथील संस्थांवर शासनास साहाय्य करण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे ही शंका निराधार म्हणता येत नाही.

तथापि बंदीचा आधार माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६९-अ हा होता. सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणे त्यात आहेत. नागरिकाचा खाजगीपणा त्यात नाही.

बंदीनंतर जुलै २०२० मध्येच अमेरिकन मालकीच्या इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केले. बीड जिल्ह्यातील तेलगाव हे सहकारी साखर कारखान्याचे गाव. तरीही याच जिल्ह्यातून असंख्य ऊसतोड कामगार दरवर्षी परजिल्ह्यांत व कर्नाटकात जातात. त्यांच्यापैकी एखाद्या तरुणाने फडावरील चित्रफीत प्रसारित केल्यास त्याचे ठिकाण, संपर्क आणि आवडीनिवडी यांची नोंद कंपनीकडे होऊ शकते. मालक बदलला, नोंद घेण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम मात्र २०२३ मध्ये, म्हणजे बंदीनंतर तीन वर्षांनी झाला. त्यातही शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. सारांश, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव बंदी समर्थनीय ठरू शकेल. परंतु तिला खाजगीपणाचे संरक्षण म्हणणे योग्य नव्हे. ते संरक्षण देशी, परदेशी आणि शासकीय अशा सर्वांना समान बंधन घालणाऱ्या कायद्यानेच साध्य होईल.