अ‍ॅस्टलीची गढी आणि नवी वीट

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले, की जुन्या वाड्यात राहणाऱ्यांची दरसाल एकच पंचाईत होते. भिंतीला चुना काढायला जावे तर पोपडा हाती येतो, आणि पोपड्याच्या मागून पांढरी माती घळघळू लागते. मग घरातले कोणीतरी कंबरेवर हात ठेवून म्हणते, "आता हे किती दिवस लिंपत बसायचे? मागे स्लॅबच्या दोन खोल्या घालू या." वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तेव्हा ज्या इमारतीविषयी आज लिहायचे आहे, तिच्याकडे मी कोऱ्या मनाने पाहिलेले नाही, हे आधीच कबूल करतो.

माझा धाकटा भाऊ इंग्लंडात कॉव्हेंट्रीस असतो. मेच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो असता तो म्हणाला, "अण्णा, तुम्हांला वाड्याचा एवढा घोर, तर चला, एक घर दाखवतो." त्याने दाखवले ते वॉरिकशर परगण्यातले अ‍ॅस्टली कॅसल. नाव कॅसल असले तरी किल्ला म्हणजे आपल्याला जे डोळ्यांसमोर येते ते हे नव्हे. याला गढी म्हणावे. भोवती खंदक, शेजारी गावचे देऊळ. याच देवळाला जॉर्ज एलियट या थोर लेखिकेने आपल्या पहिल्या कथासंग्रहात निराळे नाव देऊन आणले आहे. तिचा जन्म इथून जवळच, 1819 सालचा.

गढीचा इतिहास मोठा आहे. 1266 साली तिला तटबंदीची परवानगी मिळाली. पुढे ती ग्रे घराण्याकडे आली. अवघे नऊ दिवस राणी म्हणून मिरवलेली अभागी जेन ग्रे, तिचा बाप बंडाच्या धामधुमीत 1554 साली इथेच लपला असता पकडला गेला आणि बापलेक दोघांचाही त्याच वर्षी शिरच्छेद झाला. घर मात्र राहिले. वाढत गेले. ट्यूडर काळात एक भाग जोडला गेला, नंतर आणखी एक. अखेरीस तिथे हॉटेल निघाले, आणि 1978 साली आग लागून सगळे छप्पर गेले. पुढची तीस वर्षे पाऊस आणि झाडोरा यांनी खाल्ली.

तिकडचा कायदा आपल्या वाचकांना थोडा सांगायला हवा. इंग्लंडात ऐतिहासिक इमारतींची सरकारी यादी असते. यादीत घर लागले, की ते मालकाचे राहूनही पुरते मालकाचे राहत नाही. खिडकी बदलायची, खोली वाढवायची, तर स्थानिक सत्तेची परवानगी लागते, आणि ती न घेता केलेले काम हा गुन्हा ठरतो. यादीतल्या शंभरांतली नव्वदांहून अधिक घरे 'ग्रेड टू' या पायरीवर आहेत. अ‍ॅस्टली त्याच्या वरच्या, 'ग्रेड टू स्टार' पायरीवर. आपल्याकडेही 1995 साली मुंबईत अशी नियमावली आली. पण आमच्यासारख्या गावातल्या वाड्यांना यादीही नाही आणि वालीही नाही.

अशा घराला नवे जोडायचे तर कसे? याविषयी दोन पंथ आहेत. एक म्हणतो, नवे असे करा की जुन्यात मिसळून जावे. याचे पर्यवसान सिमेंटच्या खांबावर लाकडाचा रंग मारून त्यावर साच्यातली वेलबुट्टी चिकटवण्यात होते. जुन्याच्या अंगावरचे हे दागिने खोटे आहेत हे शेंबडे पोरही ओळखते. दुसरा पंथ 1964 च्या व्हेनिसच्या सनदेचा आधार घेतो: नव्यावर आपल्या काळाचा शिक्का असावा. म्हणणे रास्त आहे. पण त्याचे निमित्त करून जिथे तिथे जुन्या भिंतीला काचेची पेटी ठोकून देण्याची टूम निघाली आहे. नम्रता म्हणून आणलेली काच बहुधा घरातली सर्वांत गर्विष्ठ वस्तू होऊन बसते.

अ‍ॅस्टलीचे काम विदरफोर्ड वॉटसन मान या वास्तुकारांनी केले. लँडमार्क ट्रस्ट ही 1965 साली स्थापन झालेली संस्था पडकी घरे नीट करून सुट्टीला भाड्याने देते. तिने 2007 साली स्पर्धा घेतली, 2012 साली घर उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्याला स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचे राहू द्या. मला बोलायचे आहे ते सांध्याविषयी.

जुनी दगडी भिंत जिथे तुटली आहे, तिथे वास्तुकारांनी ती तासून सरळ केलेली नाही. तिचा तो दातेरी काठ तसाच ठेवून त्याच्या कलाकलाने नव्या लांबट विटांचे थर भरले आहेत. विटांचा रंग दगडाशी सोयरीक सांगतो, पण आपण दगड आहोत अशी बतावणी करीत नाही. आमच्या आजीने धोतराला ठिगळ लावावे तसे हे काम आहे: दिसावे, पण बोचू नये. वरच्या रुंद फटींवर काँक्रीटचे पाट टाकले आहेत तेही उघडेच. लपवाछपवी कुठे नाही.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी काय सोडून दिले. वस्तीचे घर त्यांनी गढीच्या सर्वांत जुन्या गाभ्यात बसवले. मागाहून वाढवलेले ट्यूडर आणि त्यानंतरचे भाग छपराविना, आभाळाखाली अंगणासारखे ठेवले. आत शिरायचे ते त्या उघड्या दालनांतून. निजायच्या खोल्या खाली, आणि वर एकच प्रशस्त दालन, त्यात स्वयंपाक, जेवण, बैठक सगळे. तिथे बसले की खिडकीतून पडक्या भिंती आणि देऊळ दिसते. सगळी गढी पुन्हा छावून टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. यांनी म्हटले, आठ माणसांपुरते घर पुरे, उरलेले पावसाचे. इथे मी मनोमन हात जोडले.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती कादंबरी लिहिणाऱ्याची आहे. या घरात घरातले माणूसच नाही. आठवडाभर येणाऱ्या पाहुण्याला कोठीची खोली लागत नाही, भांडून जाऊन बसायला परसदार लागत नाही. आगीने आधी सगळ्यांना बाहेर काढले, मग वास्तुकार आले. जखम तशीच उघडी ठेवणे त्यामुळे सोपे गेले, कारण ती दुखण्याजोगे कोणी उरले नव्हते. नांदत्या घरात म्हातारीला रात्री उठून परसात जावे लागू नये म्हणून आत मोरी हवी असते. तिथे सांधा जुन्याचा आणि नव्याचा नसतो, सासूचा आणि सुनेचा असतो. त्या प्रश्नाला अ‍ॅस्टलीकडे उत्तर नाही. तो तिचा दोष म्हणत नाही. मात्र तिचा दाखला देऊन कोणी नांदत्या घराला उपदेश करू लागला, तर त्याला आधी आमच्या माजघरात आणून बसवीन.

आमच्या माजघराची गोष्ट अशी. थोरल्या काकांनी 1989 साली मागल्या पडवीला लागून स्लॅबची खोली घातली आणि जाता जाता मातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. हेतू चांगला होता. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. गिलाव्याने ती ओल कोंडली. चार पावसाळ्यांत भिंत पायथ्याशी मऊ झाली आणि तुळईचे टोक कुजले. दोन्ही काळांचे काम आपापल्या परीने धडच होते, मोडले ते सांध्यावर. अ‍ॅस्टलीच्या त्या दातेरी काठापुढे मी इतका वेळ का उभा राहिलो, हे भावाने विचारले नाही. त्याला ठाऊक होते.

यंदा भाद्रपदात पुतण्याने घराचा नवा नकाशा पाठवला. आईच्या खोलीला लागून न्हाणीघर आणि वर दोन खोल्या. न्हाणीघर हवेच, त्यावर वाद नाही. पण स्लॅबचे खांब उभे करण्यासाठी त्याने पडवीची भिंत आणि चुलीची जागा साफ पुसून टाकली होती. शाळेतल्या सवयीने मी तांबडी पेन्सिल घेतली, भिंत पुन्हा काढली, चुलीवरचे छप्पर खोडून तिथे 'अंगण' असे लिहिले आणि नकाशा परत पाठवला. वरच्या दोन खोल्यांपैकी एक त्यात गेली. पुतण्याचे उत्तर अजून आलेले नाही. दिवाळीला सगळे गावी जमणार आहोत.