साम्राज्याच्या पटावर भिवंडीचा माग

शिक्षकांसाठी चालणाऱ्या विज्ञान मासिकात संगणकावरच्या खेळाचे परीक्षण कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही सुरुवातीला तसेच वाटत होते. पण गेल्या सुट्टीत भिवंडीतील एका शाळेत नववीच्या वीस-बावीस मुलांबरोबर आम्ही तीन दुपारी ‘फ्रीसिव्ह’ हा खेळ खेळलो आणि मत बदलले. खेळ चांगला आहे. मात्र तो जे शिकवतो ते सगळेच खरे नाही.

या खेळाचे मूळ म्हणजे सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला, १९९१ साली आलेला ‘सिव्हिलायझेशन’. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक भटकी टोळी आपल्या हाती येते. तिने गाव वसवायचे, शेती करायची, शोध लावायचे, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करायचे आणि अवकाशयुगापर्यंत पोहोचायचे. बुद्धिबळाप्रमाणे खेळ आळीपाळीने चालतो. आपली फेरी संपली की संगणक बाकीच्या राजांच्या खेळ्या करतो, त्यामुळे विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. वर्गासाठी हा मोठाच फायदा. ‘फ्रीसिव्ह’ हे त्याचे विनामूल्य भावंड. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी ते लिहिले आणि १९९६ मध्ये सर्वांसाठी खुले केले. शाळेतल्या जुन्या संगणकावरही ते चालते.

नवख्या मुलांची पहिली चूक ठरलेली असते. राजधानीसाठी आदर्श जागा शोधत ती आठ-दहा फेऱ्या भटकतात, आणि गाव वसले की लगेच पिरॅमिड बांधायला घेतात. मूळ खेळात उत्पादन ‘ढालीं’त मोजतात. पिरॅमिडला ३०० ढाली लागतात, तर नवे गाव वसवणाऱ्या तुकडीला, म्हणजे ‘सेटलर’ला, ४०. म्हणजे एका पिरॅमिडच्या किमतीत सात तुकड्या निघतात आणि वर २० ढाली उरतात. तुकडी निघाली की गावाची लोकसंख्या एकाने घटते, हे खरे. पण ती धान्याने भरून येते.

इथे फळ्यावर एक हिशेब मांडावा. समजा, प्रत्येक गाव दर २० फेऱ्यांनी एक नवे गाव वसवू शकते. मग २० फेऱ्यांनंतर २ गावे, ४० नंतर ४, ६० नंतर ८ आणि ८० नंतर १६. आता ज्याने पहिल्या २० फेऱ्या भटकण्यात घालवल्या त्याची ८० व्या फेरीला ८ गावे असतात. उशीर २० फेऱ्यांचा, पण राज्य निम्मे! चक्रवाढ व्याजाची गणिते सोडवणाऱ्या मुलांना ही गोष्ट पाठ्यपुस्तकातून जेवढी कळत नाही तेवढी शेजारच्या संगणकावरचा नकाशा पाहून कळते. पुढे बेट भरते, जमीन संपते आणि वाढीचा आलेख आडवा होतो. बशीतल्या जिवाणूंची वाढ आम्ही प्रयोगशाळेत मोजतो तेव्हा अशीच वक्ररेषा मिळते. तेव्हा नवख्याने आश्चर्यांचा मोह सोडावा, पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गाव वसवावे, रक्षणाला एक साधी तुकडी ठेवावी आणि लगेच सेटलर काढावेत.

दुसरा सापळा अधिक मजेदार आहे. गवताळ चौकोनातून २ धान्य मिळते. पाटाचे पाणी दिले की ३ मिळायला हवे. मुले उत्साहाने पाट खणतात आणि धान्य मात्र २ च राहते. सुरुवातीची राजवट निरंकुश असते, आणि तिच्यात ज्या चौकोनाचे उत्पन्न २ च्या वर जाते त्यातले १ कापले जाते, असा नियम आहे. मैदानी चौकोनात मात्र १ चे २ होतात, म्हणून तिथला पाट फळतो. म्हणजे राजवट बदलेपर्यंत गवतावर पाट खणणे ही फुकटची मेहनत. त्यासाठी वर्णमाला, कायदेसंहिता, अंत्यसंस्कार आणि राजेशाही हे चार शोध आधी लावावेत. हे उत्तर आम्ही मुलांना सांगितले नाही. दोन गटांनी दोन प्रकारच्या जमिनीवर पाट खणून आकडे वहीत टिपले आणि नियम स्वतः काढला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगाचे तत्त्व इतक्या कमी खर्चात शिकवणारे साधन आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

न तपासता नियम मानला की काय होते, याचा किस्सा याच खेळाचा आहे. पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मधले गांधीजी अण्वस्त्रांच्या धमक्या का देतात याचे एक ऐटबाज स्पष्टीकरण वर्षानुवर्षे फिरत होते. गांधीजींची आक्रमकता १, लोकशाही आली की २ ने कमी, आणि आठ बिटांच्या संख्येत ऋण आकडा मावत नसल्याने १ वजा २ चे होतात २५५! अंकगणित बरोबर आहे आणि संगणक शिकवताना ते जरूर सांगावे. पण खेळात असा दोष नव्हताच, असे खुद्द मायर यांनी २०२० मध्ये आपल्या आठवणींत लिहिले.

तर खेळाची ही बाजू आम्हाला मनापासून आवडली. तक्रार सुरू झाली ती दुसऱ्या दुपारी. शोधांची यादी पाहत असलेल्या एका मुलाने विचारले, “सर, यात लूम कधी येतो?”

आम्ही यादी पुन्हा वाचली. मूळ खेळात सुरुवातीला लावता येण्यासारखे सात शोध आहेत: वर्णमाला, कांस्यकाम, अंत्यसंस्कार, अश्वारोहण, दगडी बांधकाम, मातीची भांडी आणि चाक. फ्रीसिव्हच्या यादीत तर ऐंशीहून अधिक शोध आहेत. पण विणकाम दोन्हीकडे नाही. औद्योगिकीकरण आहे, ज्या कापडाने ते इंग्लंडात सुरू झाले ते कापड नाही. ज्या गावात घराघरातून लूमचा खडखडाट ऐकत मुले मोठी झाली, तिथे हा प्रश्न निघणारच होता.

यादीतली उणीव एक वेळ भरून काढता येईल. आमचा खरा आक्षेप खेळातल्या ‘कालबाह्य’ या कल्पनेला आहे. तिथे नवा शोध लागला की जुन्याचा निकाल त्याच फेरीत लागतो. जुने सैनिक बांधायच्या यादीतून नाहीसे होतात, आश्चर्यांचा प्रभाव संपतो. मूळ खेळात विद्यापीठाचा शोध लागताच महाग्रंथालय निरुपयोगी होते! (शिक्षकमित्रांनी हे आपल्या ग्रंथपालांना सांगू नये.)

आता भिवंडीकडे पाहू. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर इथे हातमाग घेऊन स्थिरावले. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले. एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले ते १७८५ मध्ये. धोटा डावीकडून उजवीकडे आणि परत फेकायचा, प्रत्येक फेकीला ताण्यात एक आडवा धागा पडायचा, हे त्यातले तत्त्व साध्या लूममध्ये आजही तसेच आहे. धोट्याशिवाय, हवेच्या झोताने धागा नेणारे माग त्याच्या कित्येक पट वेगाने चालतात. खेळाच्या नियमाने पाहिले तर भिवंडीतला साधा लूम केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता.

प्रत्यक्षात उलट घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि गिरण्यांचे कापड भिवंडीत विणले जाऊ लागले. मोठी गिरणी मागे पडली, पत्र्याच्या शेडमधला लूम वाढला. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग इथे स्वस्तात येत. व्यापारी सूत देई, लूमवाला मजुरीवर कापड विणून देई, त्यामुळे भांडवल कमी लागे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांची मर्यादा होती. त्याखालच्या शेडला तो लागू होत नसे. थोडक्यात, जुने यंत्र टिकले ते कायदा, मजुरीचे दर आणि भाड्याच्या जागा यांच्या आधाराने. आणि त्याची किंमत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराने मोजली. यातला एकही आकडा खेळाच्या पटावर नाही. अलीकडे भिवंडीतले बरेच लूम भंगारात गेले आणि महामार्गाला लागून गोदामे उभी राहिली, हेही खरे. पण तिथेही कोणत्या शोधाने लूम मारला असे एका ओळीत सांगता येत नाही. सुताचे भाव, विजेचे बिल आणि जमिनीची किंमत यांचाच त्यात मोठा हात आहे.

शोध म्हणजे शिडी, आणि खालच्या पायरीवर उभा असलेला तो मागासलेला, ही समजूत हा खेळ नकळत पक्की करतो. ज्या मुलाचे वडील लूमवर उभे असतात, त्याला ‘कालबाह्य’ हा शब्द पडद्यावर कसा दिसत असेल?

शहरातल्या अशांततेचा नियमही असाच ढोबळ आहे. नागरिक नाराज झाले की देऊळ बांधा, चैनीवर खर्च करा, किंवा राजेशाहीत सैनिक आणून ठेवा. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये दंगली पाहिल्या. १९८८ पासून इथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची माणसे नियमाने एकत्र बसू लागली आणि डिसेंबर १९९२–जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ही खेळी खेळात उपलब्ध नाही.

मग खेळ टाकून द्यावा काय? मुळीच नाही. प्रत्येक प्रारूप काही गाळतेच. आमच्या प्रयोगशाळेतली प्रारूपेही गाळतात. फ्रीसिव्हची सोय अशी की त्याचे नियम साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले आहेत. कोणता शोध कशावर अवलंबून, कोणती इमारत कशाने कालबाह्य, हे सारे वाचता येते आणि बदलताही येते. तिसऱ्या दुपारी आम्ही खेळ बंद केला आणि त्या फायली उघडल्या. ‘विणकाम’ हा शोध घालायचा, तर त्याच्या आधी काय हवे?

एक गट म्हणाला चाक, कारण चरखा. दुसऱ्या गटातल्या मुलीने हरकत घेतली: टकळीला चाकाची गाडी लागत नाही, आणि विणायला तर मुळीच नाही. तिची बाजू भक्कम होती. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. मेहरगढला तांब्याच्या मण्यात मिळालेले कापसाचे धागे तर त्याहून फार जुने, खेळाच्या पहिल्या फेरीच्याही आधीचे. तरी पहिला गट हटला नाही. शेवटी दोन फायली झाल्या. एकीत विणकाम मुळाशी आहे, दुसरीत चाकाच्या पुढे. इमारतींच्या यादीत दोघांनीही ‘माग’ घातला आहे, आणि तो कशाने कालबाह्य होतो ती ओळ दोघांनीही कोरी ठेवली आहे.