यंत्रातली मींड

१९८२मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर भैरवी, ललत, तोडीसह दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीची ती तबकडी विस्मरणात गेली. २०१०मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि सिंग ‘ॲसिड हाउस’चे जनक ठरले, कारण शिकागोची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ची.

हे जनकत्व मला पटत नाही. आधी घडले म्हणून त्यातूनच पुढचे जन्मले, असे होत नाही. सिंग यांचे श्रेय वेगळे. टीबी-३०३ हे बेसच्या साथीचे यंत्र. स्वरावरून स्वरावर घसरण्याची त्यातली सोय मींडेशी जुळते, हे त्यांच्या कानाने हेरले. तोडीचा अतिकोमल गंधार मात्र बारा सुरांच्या त्या चौकटीत मावत नाही. ही धिटाई आणि ही उणीव, दोन्ही आपल्या कानांनी तोलावीत. शिकागोचे प्रमाणपत्र कशाला?