स्पार्कब्रुकमध्ये राहणं : आवड की नियम?

आता जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाकडे येऊ. विषय, बर्मिंगहॅममधला स्पार्कब्रुक. 'ही परदेशी माणसं आपल्या आपल्यातच राहतात, त्यांना तेच आवडतं,' असं सर्रास म्हटलं जाई. लेखकांनी काय दाखवलं बघा. नगरपालिकेच्या घरांच्या यादीत यायला शहरात पाच वर्षांचं वास्तव्य लागे. तोवर राहायचं कुठे? मग कोणी पाकिस्तानी कर्जावर मोठं, जुनं घर घेई, हप्ते फेडायला खोल्या भाड्याने देई. आणि गर्दी केली म्हणून पालिका त्यालाच धारेवर धरी!

इथवर पटतं. पण पालिकेचं किंवा उपनगरातलं घर प्रत्येकाला हवंच होतं, हे ते गृहीत धरतात. १९७४ साली बद्र दाह्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: बचत करून गावी पैसे धाडणाऱ्याला स्वस्त, सामायिक घरच सोयीचं.

बरोबर, पण लॉकचा तो माणूस आठवा. बाहेरून कडी, आत मित्र भेटला म्हणून खुशीत थांबलेला. थांबला स्वेच्छेने, मोकळा मात्र नाही. दाह्या त्याची खुशी सांगतात, कडीबद्दल फार बोलत नाहीत. आणि यादीत नंबर लागला तरी पालिकेचा माणूस घरी येऊन टापटीप बघे, शेरा मारी. नवं घर की पाडायला काढलेलं, ते त्या शेऱ्यावर ठरे.