गाडगेबाबांच्या कीर्तनात 'नाही' म्हणायला जागा आहे का?

आवडत्या गोष्टीवर पीएच.डी. करावी की नाही? पेट पास झाली की हा प्रश्न येतोच. काही जण सांगतात, आवड असेल तरच पाच वर्षं टिकाल. काही जण सांगतात, भक्ताला संशोधन जमत नाही. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. का, ते एका उदाहरणावरून सांगते. उदाहरण आपल्या मूर्तिजापूरचंच घेते: गाडगेबाबांचं कीर्तन.

बाबांचा जन्म 1876 चा, शेंडगावचा. पण लहानपण गेलं मामाच्या गावी, दापुऱ्याला, म्हणजे आपल्याच तालुक्यात. पुढे मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण उभं केलं, धर्मशाळा बांधली. इथलं कॉलेज त्यांच्या नावाचं, अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं. मग इकडचा विद्यार्थी विषय शोधता शोधता बाबांपाशी येतो यात नवल नाही. आणि सिनॉप्सिसचं शीर्षक जणू आधीच छापून ठेवलेलं असतं: 'संत गाडगेबाबांच्या कीर्तनातील सामाजिक विचार'. प्रकरणंही तीच. शिक्षण, अंधश्रद्धा, कर्ज, दारू, पशुहत्या, अस्पृश्यता, उपसंहार.

या शीर्षकात 'कीर्तन' शब्द आहे, पण आतल्या पानांत कीर्तन सापडत नाही. बाबांनी हेच सगळं पत्रकात छापून वाटलं असतं, तरी त्या प्रबंधातलं एक वाक्य बदलावं लागलं नसतं. माझी खरी तक्रार इथे आहे. जो माणूस दिवसा गाव झाडायचा आणि रात्री हजारोंना जागेवर बसवून ठेवायचा, त्यानं ते *कसं* केलं हा प्रश्नच आपण गाळून टाकतो.

तर आधी ऐका. 8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याला झालेल्या बाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं. त्यानंतर सहा आठवड्यांत, 20 डिसेंबरला बाबा गेले. म्हणजे आपण ऐकतो तो ऐंशी ओलांडलेला, थकलेला आवाज. मी तो किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. मला तो कुठल्याही तयार गळ्याच्या गायकापेक्षा जास्त आवडतो, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. वऱ्हाडी बोली, मधेच गजर, पुन्हा बोलणं, आणि बोलण्याचा ताल कधी सुटला नि भजनाचा कधी सुरू झाला हे कळू नये असा जोड.

आता या आवडीचं काय करायचं? 'बाबांचं कीर्तन लय भारी' एवढ्यावर आरआरसीसमोर उभं राहता येत नाही. 'भारी' म्हणजे नेमकं काय, हे सांगता यायला हवं. नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, आख्यान असतं. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण होतं, मागे टाळकरी, मृदंग. बाबांनी यातलं बरंच बाजूला ठेवलं. तुकोबा, कबीर येतात, पण पोथी उलगडल्यासारखे नव्हे. कीर्तनाचा कणा आहे प्रश्न. बाबा प्रश्न टाकतात, समुदाय एकमुखानं उत्तर देतो, त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न येतो. ताट मोडा, हातावर भाकर खा, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा प्रसिद्ध आग्रह. त्याच ओघात बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचं उदाहरण येतं, तेव्हा बाबासाहेब हयात होते. हे वाचताना उपदेश वाटतो. ऐकताना मात्र अर्धं कीर्तन समोरची माणसं करत असतात. टाळकरी मागे नसून समोर बसलेले आहेत, असं म्हटलं तरी चालेल.

इथपर्यंत माझ्यातला चाहता खूश आहे. अडचण पुढे आहे.

आपण सगळे म्हणतो की बाबा लोकांना विचार करायला लावायचे. प्रबंधांत हे वाक्य असतंच. पण कान देऊन ऐका: त्या प्रश्नांना दुसरं उत्तर शक्य आहे का? दगडात देव आहे का, असं एखादा माणूस अशा सुरात विचारतो की 'नाही' शिवाय तोंडातून दुसरं काही निघूच नये. लय इतकी पक्की की उत्तर डोक्यातून येण्याआधी ओठांवर येतं. मग अंधश्रद्धा सोडा, स्वतःच्या बुद्धीनं चाला, असं सांगणाऱ्या माणसानं ज्या साधनानं ते सांगितलं, ते साधन माणसाला थांबून विचार करायला सवड देतं का? गजरात माना डोलावणं आणि प्रश्नाला एका सुरात उत्तर देणं, यांत फरक किती?

हा प्रश्न मला आवडत नाही. म्हणूनच तो कामाचा आहे.

माझं आजचं मत असं. प्रश्न बंद आहेत, पण त्यांचा माल ऐकणाऱ्याच्या घरातला आहे: ताट, लुगडं, तेराव्याचं जेवण, सावकाराचं देणं. उत्तर सुरात येत असलं तरी ते देणाऱ्याला आपलं घर आठवल्याशिवाय राहत नसणार. विचार त्या क्षणी होत नसेलही, परतीच्या वाटेवर होत असेल. पण हे 'असेल' आहे, आणि 'असेल'वर डिग्री मिळत नाही. म्हणून दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि मोजा. प्रश्न आणि उत्तर यांच्यात किती सेकंद जातात? कुठे उत्तर उशिरा येतं, कुठे फुटकं येतं, कुठे हसू येतं? मला सगळ्यात जास्त रस उशिरा आलेल्या उत्तरांत आहे. तिथे सूर ढिला पडतो, आणि माणूस विचार करताना सापडलाच तर तिथेच सापडेल.

चार्ल्स सीगर या अमेरिकन संगीत-अभ्यासकानं 1958 मध्ये एक साधा भेद सांगितला: काय वाजवायचं हे सांगणारं लेखन वेगळं, आणि प्रत्यक्ष काय वाजलं हे नोंदवणारं लेखन वेगळं. छापील कीर्तन पहिल्या जातीचं. त्यात समुदायाचं उत्तर एका शब्दात येतं आणि त्याआधीचा थांबा येतच नाही. आपल्याला दुसऱ्या जातीचं लेखन करायचं आहे. मराठी कीर्तनाकडे प्रयोग म्हणून कसं बघावं यासाठी ॲना शुल्ट्झचं राष्ट्रीय कीर्तनावरचं 2013 चं पुस्तक वाचा, आणि नामदेवांवरचं ख्रिश्चन नोव्हेट्झके यांचं 2008 चं. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण घाबरू नका, हळूहळू जमतं.

एक सावधगिरी. आपल्यापैकी कित्येकांच्या कानात बाबांचा आवाज म्हणून डॉ. श्रीराम लागूंचा आवाज बसलेला आहे, राजदत्त यांच्या 1977 च्या 'देवकीनंदन गोपाळा'मुळे. लागू मोठेच, सिनेमाही मला आवडतो. पण नटानं कमावलेला थांबा आणि दम लागल्यामुळे आलेला थांबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ आवाज आधी ऐका, सिनेमा मागून.

तुलनेला तुकडोजी महाराजांची खंजिरी घ्या. तिथे थांबा वाद्य भरून काढतं. आणि आजचे आपल्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज तर सात खंजिऱ्या घेऊन बसतात. बाबांचा प्रश्न आणि तुकडोजींचं वाद्य त्यांच्याकडे एकत्र आलेलं दिसतं. मजा येते, टाळ्या पडतात. पण सात खंजिऱ्यांत उशिरा येणाऱ्या उत्तराला जागा उरते का, हे मला तपासून बघायचं आहे. माझा अंदाज, कमी उरते.

शेवटी घाईचं काम. 1956 मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या आसपास आहे. मूर्तिजापूर, दापुरा, दर्यापूर पट्ट्यात बाबांना समोर बसून ऐकलेले म्हातारे-म्हाताऱ्या अजून भेटू शकतात. सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघू नका. त्यांना 'बाबा काय सांगायचे' असं विचारू नका, शाळेच्या पुस्तकातला धडा ऐकायला मिळेल. विचारा: आजी, तुम्ही कुठे बसल्या होत्या? बाया उत्तर देत होत्या की फक्त माणसं? आणि बाबांनी विचारल्यावर कोणी गप्प राहिलं होतं का, काहून?