लाइकवरून माणूस ओळखता येतो का? एक गाजलेला पेपर, शहापूर-मुरबाडमध्ये बसून वाचताना

सोशल मीडियाच्या डेटावर संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्या काही महिन्यांत कोणीतरी तुमच्या हातात हा पेपर ठेवतंच. मायकल कोसिन्स्की, डेव्हिड स्टिलवेल आणि थोर ग्रेपेल यांचा, २०१३ साली 'पीएनएएस' या जर्नलमध्ये आलेला. पानं अवघी चार. दावा असा की तुम्ही फेसबुकवर काय काय लाइक केलंय एवढ्यावरून तुमचा धर्म, राजकीय कल, लैंगिक कल, स्वभाव, बुद्धिमत्ता, अगदी तुम्ही २१ वर्षांचे होईपर्यंत आईवडील एकत्र होते की नाही, हे सगळं कमीअधिक प्रमाणात ओळखता येतं.

बहुतेक जण ॲब्स्ट्रॅक्ट वाचून दचकतात आणि सिनॉप्सिसच्या पहिल्याच परिच्छेदात त्याचा हवाला देऊन मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. आज जरा सावकाश वाचू.

आधी काम कसं केलं ते बघा. 'मायपर्सनॅलिटी' नावाचं एक फेसबुक ॲप होतं, त्यात लोक हौसेनं स्वभावाच्या चाचण्या द्यायचे. त्यातले ५८,४६६ अमेरिकन स्वयंसेवक घेतले. एक भलंमोठं कोष्टक केलं: ओळीत माणसं, स्तंभात लाइक केलेल्या गोष्टी, लाइक असेल तर १, नसेल तर ०. पन्नास हजारांहून जास्त स्तंभ झाले. मग सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन वापरून ते शंभरावर आणले आणि त्या शंभर आकड्यांवर साधं रिग्रेशन चालवलं. बस्स. यात न्यूरल नेटवर्क नाही की सुपरकॉम्प्युटर नाही. तुमच्या लॅपटॉपवरही हे होईल, आणि या पेपरमधली खरी भीती इथेच आहे. लेखकांनी एक गोष्ट फार प्रामाणिकपणे दाखवली आहे. समलिंगी वापरकर्त्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांनी उघडउघड त्या विषयाची पेजेस लाइक केली होती. म्हणजे मॉडेल उघड खुणांवर चाललं नव्हतं, गाणी, मालिका, खाणं अशा किरकोळ गोष्टींची बेरीज करून चाललं होतं. 'कर्ली फ्राइज' लाइक करणं हे जास्त बुद्धिमत्तेचं लक्षण ठरलं होतं, हे तर सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं.

आता आकडे. पुरुषांचा लैंगिक कल ०.८८, डेमोक्रॅट की रिपब्लिकन ०.८५, ख्रिश्चन की मुस्लिम ०.८२. हे आकडे एयूसीचे आहेत. अर्थ असा की एक माणूस या गटातला आणि एक त्या गटातला अशी जोडी मॉडेलसमोर ठेवली, तर १०० पैकी ८८ जोड्यांत ते दोघांना बरोबर क्रमानं लावतं. पण ॲब्स्ट्रॅक्टमध्ये लेखकांनीच 'इतक्या टक्के वेळा बरोबर ओळखतं' अशा धाटणीचं वाक्य लिहिलं आणि जगानं ते 'दहातल्या नऊ जणांना पकडतं' असं वाचलं. यात पत्रकारांना किती दोष द्यायचा?

फरक केवढा पडतो ते कागदावर करून बघा. समजा दहा हजार माणसं आहेत आणि एखादं वैशिष्ट्य त्यांतल्या २ टक्क्यांत, म्हणजे २०० जणांत आहे. एयूसी ०.८८ असलेलं मॉडेल साधारणपणे असं लावता येतं की ते गटातल्या ८० टक्क्यांना पकडेल आणि गटाबाहेरच्या ८० टक्क्यांना सोडून देईल. २०० पैकी १६० सापडले, छान. पण उरलेल्या ९,८०० पैकी २० टक्के म्हणजे १,९६० जण फुकट अडकले. मॉडेलनं बोट दाखवलेल्या २,१२० नावांत खरी नावं १६०. साधारण तेरा नावांमागे एक. मुलाखतीत कोणी 'एयूसी ०.८८ म्हणजे चांगलं का?' असं विचारलं, तर तुम्ही उलट विचारा: गटात माणसं किती, आणि चुकीचं बोट दाखवल्यावर त्या माणसाचं काय होणार?

पण माझा मुख्य आक्षेप आकड्यांवर नाही. तो पेपरच्या शीर्षकातल्या 'खाजगी' या शब्दावर आहे.

मॉडेलला शिकवायला खरं उत्तर लागतं, ज्याला आपण लेबल म्हणतो. लैंगिक कलाचं लेबल कुठून आलं? फेसबुक प्रोफाइलवरच्या 'कोणात रस आहे' या रकान्यातून. धर्म आणि राजकीय कलही प्रोफाइलमधूनच. वंशाचं लेबल तर प्रोफाइल फोटो डोळ्यांनी बघून लावलं होतं. म्हणजे ज्यांनी स्वतःहून लिहिलं, किंवा ज्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, त्यांच्यावर मॉडेल शिकलं आणि त्यांच्यावरच तपासलं गेलं. टेन-फोल्ड क्रॉस-व्हॅलिडेशन कितीही चोख असलं तरी दहाही तुकडे त्याच, सांगून मोकळ्या झालेल्या लोकांचे. ज्यानं तो रकाना जाणूनबुजून रिकामा ठेवला, तो लाइक करतानाही हात आखडता घेत असेल की नाही? मॉडेल त्याच्यावर किती चालतं हे पेपरात कुठेच मोजलेलं नाही, आणि मोजताही येत नाही, कारण त्याचं लेबलच नाही. ज्यांच्यासाठी ही गोष्ट खरोखर खाजगी आहे ते सॅम्पलच्या बाहेर आहेत. शीर्षक मात्र त्यांच्या नावानं.

हे मला पेपर चौथ्यांदा वाचताना कळलं, तेही स्वतःचा एक प्रस्ताव लिहिताना. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या तरुणांच्या फेसबुक मित्रयादीवरून त्यांची जात-जमात ओळखता येते का, असा तो प्रस्ताव होता. तांत्रिक बाजू पक्की होती. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातल्या लिंडामूड, कांतारचिओलू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच दाखवलं होतं की माणसानं स्वतः काही लिहिलं नाही तरी त्याच्या मैत्रीच्या धाग्यांवरून राजकीय कलाचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे मैत्री बरीचशी जातीच्या आणि पाड्याच्या कुंपणात होते, मग जमायला काय हरकत? माझ्या गाइडनी एकच प्रश्न विचारला: लेबल कुठून आणणार?

मी म्हटलं, आडनावावरून. आता या भागात राहिलेल्या कोणालाही हसू येईल. जाधव आणि पवार मराठ्यांत आहेत, कातकऱ्यांत आहेत, आणखी कितीतरी जातींत आहेत. ठाकूर हे इथे एका आदिवासी जमातीचं नाव, पनवेलकडे आगरी समाजात तेच आडनाव, आणि उत्तरेत तर प्रकरणच वेगळं. पण आडनावाला गावाचं नाव जोडा, त्यापुढे पाड्याचं नाव जोडा, की कोडं सुटतं. कातकरवाडी असं लिहिल्यावर उरतं काय? त्याला मॉडेल नको, तलाठी पुरे.

आणि मग दुसरा प्रश्न उभा राहतो. आटगाव-खर्डीकडच्या एखाद्या पाड्यात कोण ठाकूर, कोण कातकरी, कोण महादेव कोळी, कोण कुणबी हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तिथे जात लपलेली नाहीच. तोच पोरगा आसनगावहून लोकल पकडून, किंवा मुरबाडहून एसटीनं, कल्याणला जातो आणि भाड्याची खोली शोधतो, तेव्हा ती माहिती त्याच्या मागे जाऊ नये असं त्याला वाटतं. कातकऱ्यांवर संशय घ्यायची खोड किती जुनी आहे हे त्याला माहीत असतं. माहिती तीच, ठिकाण बदललं. हेलन निसेनबॉम यांनी २००४ पासून हेच मांडलं आहे: खाजगीपणा म्हणजे माहिती ज्या संदर्भात दिली त्याच्या रीतीनं ती वाहणं. कोसिन्स्कींच्या कोष्टकात मात्र खाजगीपणा हा माणसाच्या अंगाला चिकटलेला गुण आहे, कोणाला कळलं याच्याशी संबंध नसलेला.

अंदाज बांधून ओळख ठरवायचा प्रकार महाराष्ट्राला नवीन नाही. तुमच्यापैकी ज्यांनी व्हॅलिडिटीसाठी खेटे घातलेत त्यांना 'अॅफिनिटी टेस्ट' माहीत असेल: चालीरीती, देव, बोली, लग्न-मर्तिकाचे विधी विचारायचे आणि त्यावरून अर्जदार त्या जमातीचा वाटतो का हे ठरवायचं. कल्याणच्या शाळेत शिकलेल्या पोरीला आजीची गाणी येत नाहीत, मग काय ती ठाकूर नाही? २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सांगितलं की ही चाचणी लिटमस टेस्ट नव्हे, आणि प्रत्येक प्रकरणात ती लावण्याची गरजही नाही. मशीन लर्निंगवाले याला डिस्ट्रिब्युशन शिफ्ट म्हणतील: ज्या काळातल्या लोकांवर नियम बसवला ते लोक आता तसे राहिले नाहीत. पण त्या समितीपुढे निदान नोटीस येते, उत्तर देता येतं, हायकोर्टात जाता येतं. लाइकवरून कोणी तुमचा अंदाज बांधला, तर तो बांधला गेला हेच तुम्हाला कळत नाही.

हे कागदी नाही. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकनंच २०१८ मध्ये सांगितलं की भारतात ते ॲप ३३५ जणांनी टाकलं, पण त्यांच्या मित्रयाद्यांतून ५ लाख ६२ हजारांवर लोकांची माहिती बाहेर गेलेली असू शकते. त्या लाखांनी कशालाच होकार दिला नव्हता.

कायद्याकडून फार आशा ठेवू नका. २०१९ च्या विधेयकात जात-जमात, धार्मिक श्रद्धा, लैंगिक कल यांना 'संवेदनशील' डेटा म्हटलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो वेगळा वर्गच नाही. शिवाय माणसानं स्वतः जाहीर केलेल्या डेटाला कायदा लागू नाही. गाणं लाइक केलं हे जाहीर आहे, मान्य. त्यावरून काढलेली जमात तिनं जाहीर केली का? इथे कायदा गप्प आहे. संशोधनाला सूट आहे, पण त्या व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय त्या डेटावरून घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे, या अटीवर. प्रस्तावात 'संशोधनाला सूट आहे' एवढंच लिहून पुढे जाऊ नका, एथिक्स कमिटीवाले नेमकं तिथेच बोट ठेवतात.

मी तो प्रस्ताव मागे घेतला. एक कारण लेबलचं, दुसरं असं की तो यशस्वी झाला असता तर कोणाच्या उपयोगी पडला असता याचं उत्तर मला आवडलं नाही. घरमालकाच्या? कर्ज देणाऱ्या ॲपच्या? आणि तिसरं कारण अगदी घरातलं आहे. पेपर गृहीत धरतो की एक खातं म्हणजे एक माणूस. आमच्या घरी बरीच वर्षं एकच स्मार्टफोन होता, बाबांच्या नावाचा. त्यावर आई म्हसोबाची गाणी ऐकायची, भाऊ पोलीस भरतीची पेजेस लाइक करायचा, मी एमपीएससीची, आणि शेजारची पोरं क्रिकेट. कोसिन्स्कींच्या मॉडेलनं त्या खात्याला वय, लिंग आणि राजकीय कल बिनदिक्कत दिला असता.

सध्या मी मुलाखतींवर काम करतोय. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न आहे: हा फोन आज सकाळपासून कोणाकोणाच्या हातात होता? लोक आधी हसतात, मग बोटांवर मोजायला लागतात.