जाळे कोणत्या कोळ्याचे?

केळशीला दहावीच्या मुलामुलींशी गप्पा मारण्याचा योग आला होता. फळ्यावर मी दोन शब्द लिहिले, 'इंटरनेट' आणि 'वेब', आणि या दोहोंत फरक काय असे विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, दोन्ही एकच. मराठीत दोघांनाही जाळंच म्हणतात." वर्गात हशा पिकला. उत्तर चूक होते, पण चूक त्या मुलाची नव्हती. आपण मोठ्यांनी त्याच्या हाती जे शब्द दिले, त्यांतून दुसरे उत्तर निघणे कठीणच होते.

आपले शब्द पाहा. इंटरनेटला आंतरजाल, महाजाल आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत चक्क मायाजाल. वर्ल्ड वाइड वेबला विश्वजाल. वेबसाइटला जालस्थळ. जिकडे तिकडे जालच जाल! इंग्रजीत मात्र 'नेट' आणि 'वेब' ही दोन वेगळी जाळी आहेत. नेट म्हणजे मासे पकडणाऱ्याचे जाळे आणि वेब म्हणजे आठ पायांच्या किड्याचे. मराठीची गंमत अशी की आपण या दोघांनाही 'कोळी'च म्हणतो आणि दोघांच्याही कामाला 'जाळे'. एरवी याने काही बिघडत नाही. इथे मात्र बिघडते, कारण इंटरनेट आणि वेब या खरोखरच दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

इंटरनेट ही यंत्रांची आणि तारांची जोडणी आहे. निरनिराळ्या संस्थांची संगणक-जाळी एकमेकांना जोडायची कशी, असा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतले अर्पानेट त्या नियमांवर चालू लागले. जाळ्यांच्या मधले जाळे म्हणून 'इंटर-नेट'. या दृष्टीने 'आंतरजाल' हा शब्द, कितीही बोजड वाटला तरी, नेमका आहे. आंतरराष्ट्रीय, आंतरशालेय यांतला 'आंतर' तो हाच. 'महाजाल' फक्त आकार सांगतो, रचना सांगत नाही. लोकप्रिय मात्र तोच झाला.

वेब पुढे बऱ्याच वर्षांनी आले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक प्रस्ताव लिहिला. एका संगणकावरच्या मजकुरातून दुसऱ्या संगणकावरच्या मजकुराकडे थेट उडी मारता यावी, अशी ती कल्पना होती. या योजनेला त्यांनी आधी 'मेश' असे नाव दिले होते. मेश म्हणजे जाळ्याचा आस, दोन गाठींमधले भोक. पण उच्चारात ते 'मेस', म्हणजे गोंधळ, असे ऐकू येते, म्हणून त्यांनी ते सोडले आणि १९९० साली 'वर्ल्ड वाइड वेब' हे नाव घेतले. वेब म्हणजे पानांची आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यांची वीण. ती इंटरनेटवर चालते, जशी रस्त्यावर एसटी चालते. रस्त्यावरून मासळीचा टेम्पोही जातो. व्हॉट्सॲपवरचा निरोप हा असा टेम्पो आहे : तो इंटरनेटवरून जातो, पण वेबचे एकही पान न उघडता जातो. ई-मेल तर १९७१ पासून, म्हणजे वेबच्या पुष्कळ आधीपासून, धावत होती. हा फरक ज्याला कळला नाही त्याला इंटरनेट म्हणजे पडद्यावर दिसते ते, असेच वाटत राहते. मागे कुठे तारा, यंत्रे, वीज असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

त्याच संध्याकाळी भारजा नदीच्या मुखाकडे गेलो. खाडीच्या कडेला एक काका जाळे दुरुस्त करत बसले होते. वर्गातला प्रसंग सांगून मी म्हटले, "इंटरनेट म्हणजे मोठं जाळंच की हो." त्यांनी सुई थांबवून विचारले, "कसलं? डोल का पाग?" मला उत्तर सुचले नाही. डोल पाण्यात रोवून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासा आपणहून तिच्यात शिरतो. पाग उथळ पाण्यात हाताने फेकतात. रापण किनाऱ्यावरून दहा-वीस माणसे मिळून ओढतात. ज्यांचे पोट जाळ्यावर आहे ते नुसते 'जाळे' म्हणून थांबत नाहीत, कारण तसे थांबले तर कामच होणार नाही. वस्तू वेगळी तर शब्द वेगळा, हा व्यवहार त्यांच्या बोलीत मुरलेला आहे. आपल्या परिभाषेत तो नाही, अशी माझी तक्रार आहे.

यावर कोणी म्हणेल की एका शब्दाचे दोन अर्थ सगळ्याच भाषांत असतात. खरे आहे. हायपरलिंकला मराठीत 'दुवा' हा शब्द रुळला आहे, आणि याच केळशीत याकूबबाबांच्या दर्ग्यात लोक मागतात तोही दुवाच. त्यावरून आजवर कोणाचा घोटाळा झाल्याचे मी ऐकलेले नाही. कारण उघड आहे. हे दोन दुवे एका वाक्यात क्वचितच भेटतात. नेट आणि वेब मात्र एकाच वाक्यात, एकाच पाठात, पुष्कळदा एकाच ओळीत येतात. जिथे दोन गोष्टी शेजारी उभ्या असतात तिथेच त्यांना वेगळी नावे लागतात. 'दुवा' हा मला आपल्या सगळ्या नव्या शब्दांतला सरस शब्द वाटतो. साखळीतली जोडणारी कडी हा त्याचा अर्थ आधीपासून घराघरांत होता, आपण तो फक्त नव्या जागी नेला.

इंग्रजीने नेमके हेच केले आहे, आणि आपण त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. इंटरनेटचे इंग्रजी शब्द आपल्याला भारदस्त वाटतात, कारण ते परके आहेत. मुळात ते अगदी घरचे, गोठ्यातले आणि किनाऱ्यावरचे आहेत. 'नोड' म्हणजे मूळ लॅटिनमध्ये गाठ. 'लॉग इन'मधला लॉग म्हणजे जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून समुद्रात टाकायचा लाकडी ठोकळा. त्याच्या नोंदींची वही ती लॉगबुक, आणि तिथून तो शब्द संगणकात आला. 'सर्फिंग' म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाणे. १९९२ साली जीन आर्मर पॉली या अमेरिकन ग्रंथपालबाईंनी आपल्या लेखाच्या मथळ्यात तो वापरला आणि पुढे तो जगभर गेला. 'ब्राउज' म्हणजे शेळीने इथला थोडा, तिथला थोडा पाला खुडणे. आता याच ब्राउजरला मराठीत 'न्याहाळक' म्हणतात. न्याहाळणे म्हणजे टक लावून, निरखून पाहणे, मुळातल्या अर्थाच्या बरोबर उलट! आपल्याकडे 'चाळणे' हे क्रियापद आहे. वर्तमानपत्र आपण चाळतो, न्याहाळत नाही. हाताशी असलेला शब्द सोडून लांबचा आणण्याची ही हौस कुठून येते हे कळत नाही. 'संकेतस्थळ' मला त्या मानाने आवडतो, जरी जुन्या काव्यात प्रियकर-प्रेयसीने भेटीसाठी ठरवलेल्या जागेला तो वापरत असले तरी. ठरवून दिलेला पत्ता हा अर्थ त्यात शाबूत आहे.

फसव्या ई-मेलने पासवर्ड काढून घेण्याला 'फिशिंग' म्हणतात. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग मुद्दाम बदललेले आहे, देवनागरीत ते मासेमारीसारखेच दिसते. याला मराठी शब्द कोणता, असे मी केळशीच्या मुलांना विचारले, तर क्षणात उत्तर आले, "गळ टाकला." माणूस गळाला लागतो हे आपण इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून म्हणत आलो आहोत. हा शब्द मी तरी यादीत टाकला आहे.

परभाषेतले शब्द घ्यावेत की नवे घडवावेत, हा वाद रत्नागिरी जिल्ह्याला नवा नाही. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांची भाषाशुद्धीची चळवळ तिथेच वाढली. 'दूरध्वनी' हा शब्द त्यांचाच म्हणून सांगितला जातो. तो पत्रव्यवहाराच्या कागदांवर टिकला, तोंडी मात्र 'फोन'च राहिला. याउलट 'त्सुनामी' पाहा. २६ डिसेंबर २००४ च्या लाटांनंतर तो जपानी शब्द काही दिवसांतच मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'बंदरातली लाट', पण 'बंदरलाट' म्हणा असे कोणी सुचवल्याचे मला आठवत नाही. केळशीच्या वाळूच्या टेकडीचा अभ्यास करणारे डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिच्या निर्मितीचा संबंध जुन्या त्सुनामीशी जोडला होता. तो तर्क सर्वांना मान्य नाही, पण शब्दाबद्दल कोणाचे भांडण नाही. शुद्ध की अशुद्ध हा प्रश्न मला म्हणूनच दुय्यम वाटतो. शब्द दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो की एकत्र कालवतो, हे आधी पाहायला हवे.

या कसोटीवर इंग्रजी शब्दही नापास होतात. त्यांत सर्वांत मोठा गुन्हेगार 'क्लाउड'. अभियंते आकृती काढताना ज्या भागाचा तपशील दाखवायची गरज नसे तिथे ढगाचा आकार काढीत. आतले काय ते इथे विचारू नका, इतकाच त्याचा अर्थ. २००६ च्या सुमारास हाच ढग विक्रीला आला. आपण त्याचे 'मेघ' केले, आणि भारत सरकारच्या योजनेचे नावही 'मेघराज' आहे. परिणाम असा की फोटो क्लाउडमध्ये आहेत म्हणजे ते वर कुठेतरी, उपग्रहात आहेत, असे वर्गातल्या निम्म्याहून अधिक हातांचे मत पडले. वस्तुतः ते जमिनीवरच्या, भरपूर वीज खाणाऱ्या इमारतींत असतात. परदेशातला मजकूर आपल्याकडे येतो तो मुख्यतः समुद्राच्या तळावरच्या केबलींतून, आणि त्यांतल्या अनेक केबली मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. ढगाला असे काही होत नाही.

केळशीच्या लोकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, फोन मुके झाले. त्याच महिन्यात राज्यात ऑनलाइन शाळेची भाषा सुरू झाली होती! त्या दिवसांबद्दल मुले बोलू लागली तेव्हा मी वहीत त्यांची वाक्ये उतरवून घेतली. "आधी लाइट आली, रेंज नव्हती." "मग रेंज आली, पण नेट नव्हतं." "नेट आलं, व्हॉट्सॲप चालायचं, पण शाळेची लिंक उघडायची नाही." 'रेंज' हा शब्द इंग्रज माणूस असा वापरणार नाही. तो आपण घडवला आहे, आणि टॉवरचा पल्ला या अर्थाने तो बिनचूक आहे. ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहा. वीज, टॉवरशी संपर्क, इंटरनेट, आणि त्यावर चालणारे वेब किंवा ॲप : संगणकशास्त्राच्या पुस्तकात जे थर आकृती काढून शिकवतात तेच इथे आहेत, त्याच क्रमाने. ज्या मुलाने सकाळी 'दोन्ही एकच' म्हटले होते, त्याच्याच तोंडचे हे तिसरे वाक्य. फरक त्याला ठाऊक होता, फक्त फळ्यावरच्या शब्दांशी त्याची गाठ पडलेली नव्हती.

आता वर्गात मी नोडला 'गाठ' म्हणतो, लिंकला 'दुवा', ब्राउज करण्याला 'चाळणे'. वेबचे तेवढे अडले आहे. 'विश्वकोळिष्टक' सुचवून पाहिले. मुले पोट धरून हसली आणि एका मुलीने ते दिवाळीत झाडून काढावे लागेल असे सांगितले. तेव्हा तूर्त मी फळ्यावर 'नेट' आणि 'वेब' असेच लिहितो आहे, आणि दोन्हींच्या शेजारी एकेका कोळ्याचे चित्र काढतो.